राजाला कमी पडलेलं माप

माझ्या बायकोने, शालनने, टेपचं टोक धरलं, मी टेप ओढली. "साठ," ती म्हणाली आणि फळीच्या कडेला पेन्सिलने तिनेच ६० लिहिलं. मराठी आकड्यात. मग चहा प्यालो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. आठवड्यात कोविडने तिला नेलं. हॉस्पिटलात मला आत सोडलं नाही. फोनवर दाखवली, तेवढीच.

मी सुतार, सहावी शिकलेला. परदेशात, ट्रुगानिना गावात मुलाकडे राहतो. इथली मराठी पोरं नाटकं बसवतात, त्यांचं लाकूडकाम करतो. हे नाटक स्कॉटलंडच्या एका जुन्या राजाचं. सख्ख्या नात्यातल्यांनीच कट केला, दाराच्या कड्या आधीच काढून ठेवल्या. मारेकरी आले तसा राजा जमिनीची फळी उचकटून खाली गटारात उतरला. गटारातून बाहेर पडायला वाट होती. पण टेनिसचे चेंडू आत जातात म्हणून तीनच दिवसांपूर्वी त्यानेच ती बुजवून घेतलेली. तिथेच मारला त्याला. सांगितल्या वेळेत काम उरकणारा गवंडी मी जन्मात पाहिला नाही. राजाला नेमका तोच भेटला.

नट स्टेजखाली उतरतो त्या चौकोनाला ट्रॅपडोअर म्हणतात. शालनने मोजलं ते त्याचंच. लॉकडाऊन उठल्यावर शूटिंग ठरलं, प्रेक्षक नाहीत. आदल्या दिवशी राजा झालेला नितीन आत उतरला आणि कमरेला अडकला.

"काका, राजा अडकला!" डिरेक्टर प्रणव ओरडला.

"मग इथंच मारू का?" एक मारेकरी मास्कमधून म्हणाला. सगळे हसले.

"माप कुणी घेतलं हो?" नितीन वैतागला.

"तुझ्या काकूने. लॉकडाऊनच्या आधीच्या पोटाचं."

नितीनने हात वर केले, दोघांनी त्याला ओढून बाहेर काढलं.

प्रणव हळूच म्हणाला, "काका, दहा सेंटिमीटर वाढवावं लागेल. हॉल फक्त उद्याच आहे."

वाढवायचं म्हणजे ६० लिहिलेली कड कापायची.

"दुसरा राजा बघ," मी म्हणालो.

"काका, पोरं वर्षभर थांबलीत."

टेप घेऊन चार वेळा मोजलं. चारही वेळा साठ. घरी गेलो तर बसवेना. पुसलेला ओटा परत पुसला. बूट घालूनच घरभर फिरलो. राजाला खाली जायला वाट पाहिजे आणि ती मी अडवून बसलेलो. मग त्या गवंड्यात आणि माझ्यात फरक काय?

माणसाचं माप कामाच्या आदल्या दिवशी परत घ्यावं. माणूस तोच राहत नाही.

सकाळी सातला प्रणवकडून हॉल उघडून घेतला. टेपचं टोक खिळ्याला अडकवलं, सत्तर मोजले, कापलं. नितीन सरळ खाली गेला. कापलेली पट्टी डब्याच्या पिशवीत घातली. मग पेन्सिल घेऊन नव्या कडेला ७० लिहिलं. तिच्यासारखं वळण आलं नाही.