पाणीगेटच्या मिस्त्रींवर मी घेतलेला आळ

खालच्या मजल्यावरच्या गुजराती शेजारणीच्या, बेनच्या, छताला ओल आली ती आमच्या बडोद्यातल्या पाणीगेटच्या मिस्त्रींच्या कामामुळे, असं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं होतं. त्याला तीन वर्षं झाली. मी सांगितलं ते खोटं होतं, आणि सांगताना मला ते ठाऊक होतं.

मिस्त्री माझ्याच वयाचे. आम्ही हा फ्लॅट घेतला तेव्हापासून आमच्याकडचं फोडण्याबांधण्याचं प्रत्येक काम त्यांनीच केलं. बाथरूमची जुनी फरशी काढली की ते वॉटरप्रूफिंगचा थर देत, पाणी जायचं तोंड बंद करत आणि दोन दिवस घोटाभर पाणी भरून ठेवत. तिसऱ्या दिवशी खालच्या घरी जाऊन छताला हात लावून पाहत. तोवर टाइल्सचं खोकं उघडत नसत. आम्हाला शेजाऱ्यांकडे आंघोळीला जावं लागे, म्हणून आम्हीच कुरकुर करायचो.

माझे गुडघे गेल्यावर बाथरूम पुन्हा करायचं ठरलं. त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळात एक नवा कॉन्ट्रॅक्टर यायला लागला होता. त्याला मी घरी बोलावलं. पोहे झाले, चहा झाला. मूळ गाव कुठलं, वडील बडोद्याला कधी आले, आजोळ कुठलं, बायकोचं माहेर कुठलं, हे सगळं मी विचारलं. त्याची आत्या आमच्या मेहुण्यांच्या शेजारी राहते असं निघालं आणि मी खूश झालो. तासभर बोललो. त्या तासात पाण्याबद्दल, पाइपबद्दल, सिमेंटबद्दल एक वाक्य झालं नाही. मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. तिथे सख्खा भाऊ माल घेऊन आला असता तरी मोजल्याशिवाय पास केला नसता.

काम दुसऱ्याला दिल्याचं मिस्त्रींच्या कानावर गेलं. भाजीवाल्याच्या गाडीपाशी भेटले. रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, “साहेब, कोणाकडूनही करा. पण टाइल्स लावण्याआधी पाणी भरून ठेवायला सांगा.”

मी कॉन्ट्रॅक्टरला ते सांगितलं. तो हसला. “काका, ही जुन्या लोकांची थेरं. आताची केमिकल्स आहेत ना. आणि आपल्याच माणसावर भरवसा नाही होय?”

हे ऐकून मी पाणी भरायचा विषय सोडून दिला. आपला माणूस! या दोन शब्दांनी आमच्या लोकांची अक्कल जितकी गहाण पडते तितकी दुसऱ्या कशाने पडत नसेल. चार दिवसांत टाइल्स लागल्या. मंडळात मी त्याचं इतकं कौतुक केलं की आणखी चार घरांनी त्याला काम दिलं.

दोन महिन्यांत बेनचं छत ओलं झालं. फरशीचा एक कोपरा फोडून पाहिला. खाली नुसती वाळू आणि सिमेंट. वॉटरप्रूफिंगचा थर नावालाही नव्हता. मी आणि बायको, दोघांनी ते डोळ्यांनी पाहिलं. कॉन्ट्रॅक्टर बाजूला घेऊन मला म्हणाला, “काका, भिंतीतली पाण्याची जुनी लाइन कोणी टाकलेली? त्या मिस्त्रींनीच ना? तीच गळत असेल असं सांगा. विषय मिटेल.” भिंतीतली लाइन कोरडी ठणठणीत होती.

तरी मी तसंच सांगितलं. खरं बोललो असतो तर त्या चार घरांना तोंड दाखवायची सोय उरली नसती. कमिटीने ठराव करून टाकला की त्या मिस्त्रींना सोसायटीत काम द्यायचं नाही. बायको घरी आल्यावर म्हणाली, “कंपनीत म्हणे तुमच्या सहीशिवाय नट बाहेर जात नव्हता.” नंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. ते बरोबरच होतं.

या उन्हाळ्यात त्या चारांपैकी दोन घरांत ओल आली. मंडळात सगळ्यांना कळलं, आणि तरीही त्याला कोणी काही बोललं नाही. तो अजून पंगतीत वाढायला पुढे असतो. माझं डोकं फिरलं ते तिथे. पण त्याच्यावर ओरडण्याचा हक्क मी केव्हाच घालवला होता.

मी पाणीगेटला गेलो. मिस्त्री घरीच होते. सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे मला माहीत आहे, साहेब. लाइन मी टाकलेली, ती कशी आहे ते मला माहीत नसणार? तुमच्या सोसायटीचं ऐकून बाजूच्या दोन सोसायट्यांनीही मला बंद केलं. मला कशाला सांगता? तिथे सांगा.”

पुढच्या मीटिंगमध्ये सांगितलं. कॉन्ट्रॅक्टरने काय केलं तेही, मी काय केलं तेही. सेक्रेटरी म्हणाले, “जवा दो ने, काका. तीन वर्षांपूर्वीचं कशाला उकरता?” मंडळातले एक गृहस्थ माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, “गुजराती लोकांसमोर आपलीच अब्रू कशाला काढता?” मी त्यांना मोठ्याने म्हटलं, “अब्रू त्या मिस्त्रींची गेली, तुमची नाही. बसा खाली.” ठराव रद्द केल्याचं रजिस्टरमध्ये लिहून घेतलं आणि सेक्रेटरींची सही होईपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. दुसऱ्या दिवशी बाजूच्या दोन्ही सोसायट्यांत जाऊन तेच सांगून आलो.

बेनही त्या मीटिंगला होत्या. जिन्यात मला गाठून त्यांनी विचारलं, “तमे खोटुं बोल्या?”

“हो.”

“माझ्यासमोर? माझ्या घरात उभे राहून छत बघत होता तेव्हासुद्धा?”

“हो, बेन.”

त्यांनी मिस्त्रींचा नंबर मागितला. त्यांना स्वयंपाकघर करून घ्यायचं आहे. नंबर मी दिला, आणि मिस्त्रींनाही फोन करून कळवलं. माझ्याही बाथरूमचं काम पुन्हा त्यांनीच करावं, असं धीर करून म्हटलं.

“बेनकडे येईन,” ते म्हणाले. “तुमच्याकडे नाही.”

गेल्या सोमवारपासून खाली काम सुरू आहे.