किल्ल्यावर नसलेला पूर्वज

बाळांनो, या महिन्यात मी दोन पुस्तकं वाचली. एक खुनाची कादंबरी, दुसरा आपल्या भागातल्या किल्ल्यांचा इतिहास. कादंबरीतला खुनी मला तिसऱ्या प्रकरणातच सापडला. जो माणूस न सांगता सगळ्यांना चहा करून देतो, त्याच्यावर नजर ठेवावी. इतिहासकार मात्र खरी गंमत तळटिपेत बारीक अक्षरांत दडवतात.

अशाच एका तळटिपेत तुमचे पूर्वज भेटले. तुमचे साताऱ्याचे आजोबा, फौजेतले निवृत्त सुभेदार, दर दसऱ्याला तलवारीची पूजा करून त्यांचीच गोष्ट सांगतात: मिसरूडही न फुटलेला, बिनलग्नाचा पोरगा किल्ल्याच्या दरवाज्यात लढता लढता पडला. पुस्तक म्हणतं, त्या दिवशी तो किल्ल्यावर नव्हताच. बहिणीच्या लग्नाला गेला होता.

मी तुमच्या आईला लगेच फोन केला. सासऱ्यांच्या काळजीनं ती घाबरली. "आई, बाबांना अजिबात सांगू नकोस. त्यांच्या जिवाला लागेल."

सांगणार नाही, असा मी शब्द दिला. दाखवण्याबद्दल काही बोलणं झालं नव्हतं.

दोनच दिवसांत सुभेदार तासगावला बेदाणा आणायला निघाले आणि वाटेत सांगलीला आमच्याकडे उतरले. बसमध्ये वाचायला काहीतरी द्या म्हणाले. मी प्रामाणिकपणे कादंबरी पुढे केली.

"खून-बिन नगं, विहीणबाई. किल्ल्यांचं हाय न्हवं, त्ये द्या."

मी चहा आणायला आत गेले. माझी खूण नेमकी त्याच पानावर होती, त्याला मी काय करणार?

परत आले तर त्यांचा चेहरा पार उतरला होता. चहावर साय धरली तरी कपाला हात लावेनात. तेव्हा मात्र मला कळलं, चेष्टा फार पुढे गेली होती.

"आवं, हे खरं हाय?"

"पुराव्यानिशी लिहिलंय."

"लग्नाला गेल्ता?"

"हो."

ते एकदम ताठ बसले आणि परेडवर विचारावं तसं विचारलं, "रजा मंजूर हुती का?"

मी चष्मा लावला, तळटीप शेवटपर्यंत वाचली. "होती. किल्लेदाराच्या परवानगीनं गेला होता."

त्यांनी मांडीवर थाप मारली. "मग झालं की! पळाला न्हाई, रजेवर गेला. शिस्तीचा माणूस!" गार चहा त्यांनी एका घोटात संपवला.

माझी जीभ वळवळलीच. "पण मग दसऱ्याला दरवाज्यात कोण लढणार?"

"लढंल कुणीबी! आवं, बिनलग्नाचा त्यो दरवाज्यात मेला, तर आमी कुठनं आलो, ह्ये कोडं मला ल्हानपणापास्नं हुतं. वडलांच्या भ्यानं इचारलं न्हाई, एवढंच."

पुस्तक बगलेत मारून ते स्टँडवर गेले. तासाभरात तुमच्या आईचा मला फोन आला. बाबांनी तिला बसमधूनच फोन लावला होता, कंडक्टरसकट सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात: "सूनबाई, आपला माणूस रजेवर हुता! मंजूर रजेवर!"