कोपऱ्याची धार

एक डोळा मिटून मिस्तरी ओळंबा सोडायचा आणि दोरी स्थिर होईपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. मग म्हणायचा, "साहेब, दोरी खोटं नई बोलस." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आजही आठवलं तरी डोकं उठतं.

नवापूरजवळच्या एका गावात छोटं चर्च बांधायचं होतं आणि मी साइट इंजिनिअर. पुण्याच्या आर्किटेक्टबाई ग्रीसच्या बेटांवरची चॅपेलं पाहून आल्या होत्या. चुन्यानं माखलेल्या जाड पांढऱ्या भिंती, वर घंटेपुरती कमान, आणि एकाही कोपऱ्याला धार नाही. सगळं हातानं चोपल्यासारखं गोल. त्यांना इथे तसंच हवं होतं. माझ्या वाट्याला मात्र रनाळे गावचा हा मिस्तरी आला, ज्याच्या कोपऱ्यावर बोट कापावं.

संध्याकाळी कोपरा गोल करायला सांगून जावं, तर सकाळी तो गुण्या लावून काटकोनात उभा. तीनदा तोडायला लावला. तो निमूटपणे तोडायचा आणि पुन्हा तसाच करायचा. अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा. कामचुकार असता तर भांडता तरी आलं असतं.

शेवटी वैतागून म्हणालो, "मिस्तरी, घरी बाया मातीचा कूड सारवतात ना, तसं करा."

त्यानं थापी खाली ठेवली. "मन्ही माय जलमभर कूड सारवत ऱ्हायनी. तिन्हासाठे पक्कं घर बांधाले मी हाई काम शिकनू. आते तुमी माले परत कूडच कराले सांगतस."

मला लाज वाटायला हवी होती. वाटली ती चीडच, कारण चर्चचा अर्पणविधी पंधरा दिवसांवर आला होता. मी गावातल्या बायांना बोलावलं. त्यांनी ओल्या गिलाव्यावर तळवे फिरवून चार दिवसांत सगळे कोपरे गोल केले, आणि सुरेख केले. पहिल्या दिवशी तो उन्हात उभा राहून पाहत होता. दुपारनंतर दिसला नाही.

अर्पणविधीलाही आला नाही. दाराशेजारच्या पाटीवर बाईंचं, माझं आणि 'बांधकाम' या शब्दापुढे त्याचं नाव मीच कोरून घेतलं होतं, त्याला बरं वाटावं म्हणून. फोन केला तर एवढंच बोलला, "साहेब, मन्हं नाव काढी टाका." मी समजावलं, रागावलो, हे चर्च तुमच्याच भिंतींवर उभं आहे म्हणालो. त्यानं हेका सोडला नाही. अखेर मी ते नाव बुजवलं.

मागच्या वर्षी तो गेला. लोक लांबून चर्च बघायला येतात, कोपऱ्यांवरून हात फिरवतात आणि हे बांधलं कुणी म्हणून विचारतात. नाव ओठांवर येतं. पण त्यानं नको म्हटलं होतं, म्हणून सांगत नाही, आणि दर वेळी त्याच्यावर नव्यानं चिडतो.