आईच्या जबड्याखालची गाठ

आईच्या उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा घरात कुणाला तिचं काही वाटलं नाही. गालफुगी असेल, म्हणून काकूने गेरूचा लेप लावला. गालफुगी बहुधा पोरांना होते आणि आठवड्यात उतरते, एवढं तरी कुणाच्या ध्यानात यायला हवं होतं. पण दर्यापूरकडच्या आमच्या गावात दुखण्याला एकच माप, माणूस कामाला उठतो की नाही. आई उठत होती. मग लेपावर लेप चढत गेले.

वर्ष उलटलं. मी अमरावतीला मास्तरीण व्हायचं शिकत होते. दिवाळीला घरी आले तर आई निम्मी झालेली. जिच्या हातच्या आंबाडीच्या आंबट भाजीचं गावभर नाव, तिने स्वतः आंबाडी सोडली होती. शेजारीण म्हणाली, कॅन्सर असेल, हात लावू नका. मी रडले, मग भांडले, आणि आई-बाबांना घेऊन अकोल्याची एसटी गाठली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आईला विचारलं, "जेवताना गाठ फुगते का?"

आईने पदर तोंडाशी धरला. उत्तर बाबांनी दिलं. "नाई जी. तसं काई नाई."

डॉक्टरांनी लिंबाची फोड मागवून आईला चोखायला दिली. बघता बघता गाठ टरारून वर आली. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"लाळेच्या नळीत खडा अडकलाय," डॉक्टर म्हणाले. "खाल्लं की लाळ सुटते, तिला वाट नाही, म्हणून फुगतं. इतके दिवस घरात कुणी पाहिलं नाही?"

बाबा आईवरच उखडले. "काहून सांगतलं नाई मले?"

"तुमी समदे जेवून उठले का मंग मी जेवतो," आई म्हणाली. "कोन पाह्यते?"

खरंच होतं. आमच्याकडे बायका मागाहून, चुलीपाशी, भिंतीकडे तोंड करून जेवत. इतक्या वर्षांचा संसार, पण आईला घास घेताना बाबांनी कधी पाहिलंच नव्हतं.

कॅन्सर नव्हता. खडा वेळेत कळता तर तोंडातूनच निघाला असता. आता आतली ग्रंथीच नासली होती, ती कापून काढावी लागली. आई वाचली, पण कापताना नस दुखावली आणि ओठाचा उजवा कोपरा हलेना. हसली की तोंड वाकडं दिसे. त्या लेपांचा आणि त्या चुलीमागच्या जेवणाचा मला तेव्हा संताप आला, तो अजून गेलेला नाही.

घरी परतल्यावर बाबांनी आपल्या हाताने तिचं ताट आपल्या ताटाशेजारी मांडलं. "आमच्यासंगं बस."

"तुमी जेवा. मी मंग बसतो."

बाबांनी घास उचलला नाही. भाकरी निवत चालली. शेवटी आई आली, बसली, आणि ताट भिंतीकडे फिरवून घेतलं.

"आता नका पाहू माह्या तोंडाकडे," ती म्हणाली.