दाखल्याच्या खिडकीवर

महापालिकेच्या झोन ऑफिसात सव्वीस वर्षं काढली की किस्से आपोआप जमतात. त्यांना फाइल लागत नाही, की कोणाची सही लागत नाही. आता रिटायर झाले, तर मैत्रिणी चहाला जमल्या की म्हणतात, "सांग नं वं, तुझ्या ऑफिसातलं काहीतरी." मी सांगते, त्या हसतात. घरी परतताना मात्र लक्षात येतं, की या बहुतेक किश्श्यांत खिडकीच्या आतल्या बाजूला मीच बसलेली होते.

*

काही वर्षं मी तक्रारींच्या टेबलावर होते. भारतीताई म्हणून शिवणकाम करणारी एक बाई होती. तिच्या गल्लीतल्या गटाराच्या चेंबरचं झाकण तुटलं होतं. तिनं ॲपवर तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.' सोबत नव्याकोऱ्या झाकणाचा फोटो.

ती मोबाइल घेऊन थेट माझ्यासमोर आली. "मॅडम, फोटोतलं झाकण मस्त आहे. पण ते आमच्या गल्लीतलं नाही. ही गल्ली कुठी आहे तेवढं सांगा, आम्ही तिकडेच राहायले जातो."

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. खरं झाकण बसायला पुढे दोन महिने लागले. तोवर तिनं त्या खड्ड्यात एक फांदी खोचून तिला स्वतःची लाल ओढणी बांधून ठेवली होती. काम झाल्यावर आमचा इंजिनियर ती ओढणी घडी करून परत द्यायला गेला.

"ठेवा तुमच्यापाशीच," ती म्हणाली. "पुढच्या चेंबरले कामी येईल."

*

नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणुका काही होईनात, त्या काळातली गोष्ट. सगळा कारभार प्रशासकांकडे होता. शकुंतलाबाई नावाच्या आजी वस्तीतल्या नळाची तक्रार घेऊन आल्या. त्यांना आपल्या नगरसेवकाला भेटायचं होतं.

"आजी, आता नगरसेवक नाहीत. प्रशासक आहेत."

"ते कुठी बसतात?"

"मोठ्या ऑफिसात. अर्ज करून वेळ घ्यावी लागते."

आजी म्हणाल्या, "तो मेला काही काम करत नव्हता, पण दारात जाऊन उभं राहिलं की शिव्या तरी ऐकून घेत होता. आता आम्ही बोलायचं कोणाशी?"

मी त्यांना अर्जाचा नमुना दिला. दुसरं माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं.

*

गोडबोले सर ड्रॉइंगचे रिटायर शिक्षक. घरासमोरचा रस्त्यावरचा दिवा बंद, म्हणून दर सोमवारी यायचे. बायकोला कमी दिसायचं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या देवळात जायची तिला सवय होती. सर कधी आवाज चढवत नसत. "नमस्कार, मी दिव्याचा," एवढंच म्हणत.

मी दर सोमवारी नोंद करायची आणि विद्युत विभागाकडे पाठवायची. उठून स्वतः त्या विभागात जाऊन विचारावं, असं मला कधी सुचलं नाही. तो विभाग वरच्याच मजल्यावर होता.

वर्षभरानं दिवा लागला. सर मुद्दाम आभार मानायला आले.

"मग, काकू जातात ना आता देवळात?"

"ती मागच्या महिन्यात अंधारात पडली. खुब्याचं हाड मोडलं," सर म्हणाले. "पण दिवा फार छान आहे. पलंगावरून दिसतो तिला."

*

मग माझी बदली जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली. आमचा झोन धंतोलीचा, तिथं दवाखानेच दवाखाने. पेशंट अख्ख्या विदर्भातून येतात, आणि जन्म-मृत्यू जिथं होतो तिथंच नोंदवायचा असतो. म्हणून दाखल्यासाठी लोक दूरदूरच्या गावांहून आमच्याकडे यायचे.

कुहीकडच्या एका गावातलं जोडपं आलं होतं. त्यांची मुलगी दवाखान्यात जन्मली आणि नऊ दिवसांनी तिथंच गेली. गावातल्या आशा सेविकेनं जन्माचा आणि मृत्यूचा, दोन्ही दाखले आणायला सांगितले होते. दवाखान्याच्या कागदावर वडिलांचं नाव चुकलं होतं. मी म्हटलं, "दुरुस्त करून आणा." बाई ओली बाळंतीण होती, हे मला तिच्या चालण्यावरून दिसत होतं. तरी मी कागद परत सरकवला. एक फोन केला असता तर दवाखान्यानं दुरुस्ती पाठवली असती. मागे लाइन होती, एवढंच मी आजवर स्वतःला सांगत आले.

आठवड्यानं ती दोघं पुन्हा आली. या वेळी कागद बरोबर होता. मी विचारलं, "मुलीच्या नावाचा रकाना कोरा ठेवू ना?"

नवरा म्हणाला, "हो मॅडम, बारसंच नाही झालं तिचं."

"बारसं नव्हतं झालं," बाई म्हणाली. "नाव होतं."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. "मले नाही सांगितलं तू."

"तुम्ही बाहेर बसून राहत होते. काचेतून मीच बोलत होतो तिच्याशी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मुग्धा लिहा."

मी अर्ज भरून घेतला, दोघांच्या सह्या घेतल्या आणि दोन्ही दाखले छापून खिडकीतून पुढे केले. बाईनं जन्माचा दाखला उचलला, नावावरून एकदा बोट फिरवलं आणि पिशवीत नीट ठेवला. दुसरा तिथंच राहिला.

"ताई, हाही तुमचाच आहे."

नवऱ्यानं हात पुढे केला, तसा तिनं तो धरून मागे घेतला.

"तो तुमच्यापाशीच राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "आम्ही एकच न्यायले आलो होतो."