निळ्या पट्ट्याची कोळंबी

पडदा वर जातो तेव्हा शिवणयंत्रामागे कोळंब्यांच्या काचेच्या टाक्या उजळलेल्या दिसतात. शिंपीणवहिनीने त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या निगुतीने जोड्या लावून अखेर एका कोळंबीच्या लाल अंगावर निळा पट्टा आणला होता. माहेरी जाताना ही एकुलती एक कोळंबी तिने दिराच्या हवाली केली.

परतली, तर दीर तोंड पाडून उभा. टाकीच्या तळाशी पांढुरकं काहीतरी निपचित पडलेलं.

"वहिनी, माझ्या हातून घात झाला. मेली हो ती!"

वहिनीने वाकून पाहिलं. ती नुसती पोकळ कात होती. कात टाकून नाजूक झालेली कोळंबी शेवाळाआड लपली होती, पट्टा पूर्वीपेक्षा ठसठशीत. वहिनीने टाकीवर अलगद कापड ओढलं.

"भावजी, ती कपडे बदलतेय. तुम्ही कशाला डोकावताय?"