मामांचा हारातला फोटो

माझे सासरे एका दुपारी वारले आणि त्याच दुपारी पिठलं-भाकरी खाऊन उठले. दोन्हीला जबाबदार मीच. मी मुळात अबोल माणूस, त्यातून अपराधी. आज मात्र सगळं सांगून टाकतो.

सासरे, म्हणजे आमचे मामा, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. लोहाऱ्यात पोरापोरींसाठी अभ्यासिका काढायची, हे त्यांचं एकच वेड. संस्थेसाठी घरचेच सात सभासद जमवले. अध्यक्ष मामा, सातवा मी. धाराशिवच्या वकीलसाहेबांनी बजावलं, "आधी नोंदणी, मग पॅन, मग संस्थेच्या नावाचं खातं. तोवर ऑनलाइन एक रुपयाही मागायचा नाही. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. (समजलं नव्हतं. जावयानं काहीतरी करून दाखवावं, एवढंच डोक्यात!)

सासरी पोचल्या पोचल्या मी मोबाइलवर आवाहन बनवलं. मामांचा बरा फोटो एकच, निरोप समारंभातला. कपाळाला गंध, गळ्यात झेंडूचा हार. खाली लिहिलं, 'मामांचं अधुरं स्वप्न आपण पूर्ण करू या!' त्याखाली माझ्याच खात्याचा क्यूआर कोड. सासरच्या ग्रुपात मी नव्हतो, म्हणून मेहुण्याच्या, बालाजीच्या, मोबाइलवरून गुपचूप धाडून दिलं.

तासाभरात मागच्या दारानं चुलत्यांच्या घरून पिठलं-भाकरीची टोपली आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही ना! मामांना वाटलं, कुणाचा तरी नवस फिटला असणार. अंगणात बाजेवर बसून त्यांनी ताव मारला. तेवढ्यात उमरग्याची जीप थांबली आणि मामांची बहीण, कमळाआत्या, कोपऱ्यापासूनच हंबरडा फोडत आल्या.

"दादाऽऽ! न सांगताच गेलास रं!"

"कोण गेलं गं, कमळे?" मामा तोंडात घास ठेवूनच म्हणाले.

"तूच की!" आत्या रडता रडता म्हणाल्या. मग नीट बघितलं आणि किंचाळल्या.

"मग म्या हे खायलोय कुणाचं?"

"तुझंच!"

आत्यांनी मोबाइलवरचा हारातला फोटो पुढं धरला. मामा लालबुंद. "हा फोटो धाडला कुणी?"

ग्रुपवर नाव बालाजीचं. तो म्हणाला, "आबा, म्या न्हाय!"

"मग मोबाइलला हात फुटले व्हय?"

मी लिंबाच्या झाडाचं बारकाईनं निरीक्षण करत उभा!

निकाल लागला. बालाजी सभासदांतून बाद! मग वकीलसाहेब गरजले, "सहा जणांवर नोंदणी होत नाही! आणि आलेल्या देणग्या आधी परत करा!"

आत्यांनीही पैसे टाकले होते, म्हणून मी त्यांना गुपचूप फोन लावला. "पैसे माघारी पाठवतोय, आत्या."

"न्हाय घेत! मयताच्या नावानं दिलेलं माघारी घेतेत व्हय?"

"पण मामा जिवंत आहेत!"

"ते त्येचं त्यो बघंल. माझ्याकडनं म्या रडून घेतलंय!"

अभ्यासिका अडली. बालाजी बापाशी बोलेना. असा आठवडा गेला. शेवटी मामांच्या पुढ्यात जाऊन बसलो.

"मामा... फोटो मी धाडला."

"ठाव हाय की, पाव्हणं! कमळीनं पैसे टाकले तवा तिच्या मोबाइलवर तुमचंच नाव आलं. बालाजीला बी ठाव हाय. तुमी कवा तोंड उघडताय, त्याची वाट बघायलो होतो."

आतून बालाजीचं खिदळणं ऐकू आलं.

मग बालाजी आत, मी बाद, आणि सातव्या सभासद कमळाआत्या! नोंदणी झाली, खातं निघालं, संस्थेचा स्वतःचा क्यूआर कोड आला. नवं आवाहन मामांनी जातीनं बनवून घेतलं. फोटो माझा, लग्नातला. कपाळाला गंध, गळ्यात हार. खाली ओळ, 'पाव्हण्यांचं अधुरं स्वप्न आपण पूर्ण करू या!'

देणग्या भराभर आल्या. मी मात्र दोन दिवस मागच्या दाराशी बसून होतो. पिठलं घेऊन एकही माणूस आला नाही!